सहा ताइतांचा मुहूर्त

सहाव्या संगणकाच्या पडद्यावर निळी खिडकी उगवली तेव्हा ट्रिमिंग विभागातल्या बायकांनी पदर तोंडाला लावला, स्टोअरच्या सोपानने डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं, आणि मागून कुणीतरी ‘बोला...’ अशी खणखणीत आरोळी ठोकली. पुढे काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. संगणकाला अजून स्वतःचा जयजयकार मिळालेला नाही. तेव्हा लोकांनी नुसत्याच टाळ्या वाजवल्या.

हे चाललं होतं टाकवे बुद्रुकच्या पुढच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. गाडीच्या दाराला पाणी आत येऊ नये म्हणून रबराची पट्टी असते, ती इथे बनते. कॅन्टीनची टेबलं जोडून त्यांवर बेचाळीस नवे संगणक मांडले होते. त्यांतल्या सहांच्या पाठीला लाल कापडाची एकेक थैली लाल दोऱ्याने बांधली होती. गेले अकरा दिवस या बेचाळिसांपैकी एकही मार्गी लागायला तयार नव्हता. आज सुहासगुरुजी आले, त्यांनी मुहूर्त काढला, आणि चाळीस मिनिटांत सहा लागले.

“बाळांनो,” गुरुजी म्हणाले, “संगणक म्हणजे काय? सिलिकॉन. सिलिकॉन कशात असतं? वाळूत. वाळू म्हणजे काय? पृथ्वीतत्त्व! पृथ्वीतत्त्व रुसलं की विंडोज बसत नाही.”

दोन शिफ्ट-इंजिनिअर पुढेच उभे होते. त्यांनीही माना डोलावल्या. वाळूपर्यंतचं त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. उरलेलं आज पदरात पडलं.

सुहासगुरुजी म्हणजे जटाधारी बाबा नव्हेत. अंगात करड्या रंगाचं जाकीट, एका मनगटात स्फटिकाची माळ, दुसऱ्यावर पावलं मोजणारं घड्याळ. कार्डावर ‘डिजिटल वास्तुतज्ज्ञ व ऊर्जासंतुलनकार’ असं छापलेलं. तुंगार्लीला त्यांचा बंगला होता. शनिवार-रविवार तो पर्यटकांना देत असल्यामुळे गुरुजींची साधना सोमवार ते शुक्रवार चाले.

“आता हे सहा ताईत मी काढून घेतो,” गुरुजी म्हणाले. “या यंत्रांतला दोष त्यांनी शोषून घेतलाय. मी ते शुद्ध करीन, मग पुढच्या मुहूर्ताला पुढची सहा यंत्रं. घाई नाही करायची. यंत्रालाही जीव असतो.”

“व्हय महाराज,” गर्दी म्हणाली.

गर्दीपासून पंधरा फुटांवर, हात धुवायच्या बेसिनजवळ, प्रतीक्षा उभी होती. पंधरा फूट हा आकडा गुरुजींनीच दिला होता.

प्रतीक्षाचं वय सव्वीस. घर टाकव्याच्याच बौद्धवस्तीत. शिक्षण संगणक अभियांत्रिकीचं. कारखान्याच्या सगळ्या संगणकांचं खातं म्हणजे ती एकटी. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. एक वर्ष ती प्रोबेशनवर होती आणि ते वर्ष उद्या, शनिवारी, संपत होतं. कायम करायचं की घरी पाठवायचं, त्या कागदावर सही करायची होती बाजीराव आबांना. आबांची जमीन कारखान्यात गेली, म्हणून आबा ॲडमिन मॅनेजर. कामाचं त्यांना फारसं कळत नसे, पण माणसाचं कळतं असा त्यांचा समज होता आणि तो मोडण्याइतकी हिंमत कारखान्यात कुणाकडे नव्हती.

आता हे संगणक अडले कशाने, ते सांगायला हवं.

एकेका संगणकासमोर बसून विंडोज घालत राहिलं तर जन्म त्यातच जाईल. म्हणून मोठ्या ठिकाणी सर्व्हरवर एक वेगळं सॉफ्टवेअर असतं. नवा संगणक तारेने जोडायचा, चालू करताना एक कळ दाबायची. सर्व्हरकडून आधी एक छोटं, कामचलाऊ विंडोज येतं. ते आलं की ते स्वतः सर्व्हरशी बोलून बाकीचा संसार मागवून घेतं. माणसाने चहा प्यावा. जुलैत सोळा संगणक आले होते, ते प्रतीक्षाने असेच एका दुपारी बसवले होते आणि तेव्हा तिच्या हाताबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

हे बेचाळीस मात्र एकाच जागी अडत. छोटं विंडोज यायचं, पडदा उजळायचा, आणि मग ‘नेटवर्क सापडत नाही’ असं म्हणून संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. नेटवर्कवरूनच आलेलं विंडोज म्हणे नेटवर्क सापडत नाही! एकदा नव्हे, बेचाळीस संगणकांवर, रोज.

प्रतीक्षाला पहिल्याच दिवशी शंका आली. संगणकाच्या प्रत्येक भागाशी बोलायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. या खेपेच्या संगणकांत तारेचा भाग वेगळ्या बनावटीचा असणार, आणि त्याचा ड्रायव्हर त्या छोट्या विंडोजमध्ये नसणार. मोठ्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर तिने स्वतः घालून ठेवला होता. छोट्यातले फेरफार मात्र बाहेरची कंपनी करत असे. लोणावळ्याची एक एजन्सी होती, तिचा माणूस निलेश.

“घातला ना मॅडम,” निलेश दुसऱ्याच दिवशी म्हणाला होता. “यादीत बघा की. हिरवी खूण आहे.”

यादीत ड्रायव्हरचं नाव होतं. पुढे हिरवी खूण होती. प्रतीक्षाने ती पाहिली, विश्वास ठेवला आणि पुढचे नऊ दिवस तारा बदलण्यात घालवले. हीही एक श्रद्धाच. फरक इतकाच, की पुढे तिला ती तपासून बघावीशी वाटली.

निलेशच्या एजन्सीचा करार महिनाअखेर संपत होता. तो पुढे चालवायची गरज नाही, हे काम आता घरच्या घरी होईल, असं प्रतीक्षाने सप्टेंबरात लेखी कळवलं होतं. त्यावर निलेश काही बोलला नव्हता. अकराव्या दिवशी तो आबांना म्हणाला, “माझ्या ओळखीत एक आहेत. मशीनचं ग्रहमान बघतात.”

गुरुजी सकाळी आले ते थेट सर्व्हरच्या खोलीसमोर गेले आणि डोळे मिटून उभे राहिले. नाकपुड्या फुगवल्या.

“या यंत्रराजाला,” ते म्हणाले, “यंदा पूजा मिळालेली नाही.”

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. कारण ते खरं होतं.

खंडेनवमीला या कारखान्यात प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागतं. प्रेसला लागतं, कॉम्प्रेसरला लागतं, कॅन्टीनच्या पीठ मळायच्या मशीनलाही लागतं. हजेरीच्या मशीनला गेल्या वर्षी इतकं लागलं की चार दिवस कुणाचा अंगठा उमटला नाही आणि सगळे गैरहजर धरले गेले. यंदा खंडेनवमीला प्रतीक्षा आईवडिलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. रजा मंजूर होती. सर्व्हरच्या खोलीची किल्ली तिच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात होती. तेव्हा पूजेचं ताट खोलीच्या दारापर्यंत आलं आणि परत गेलं.

“हे तुमाला कसं कळलं वो?” सोपानने हात जोडून विचारलं होतं.

“बाळ, मला कळत नाही. मला दिसतं.”

त्यांना ते निलेशने गाडीत सांगितलं होतं.

“आणि या किल्लीवर,” गुरुजी डोळे न उघडता पुढे म्हणाले होते, “हेवी व्हायब्रेशन आहे. जो हात पूजेला जोडला जात नाही, त्याचा स्पर्श सध्या यंत्रांना नको. पंधरा फूट अंतर. मी कुणाचं नाव घेत नाही.”

नाव घ्यायची गरजही नव्हती. या प्रकाराला टाकव्यात जुने, स्वच्छ मराठी शब्द होते. ते आता उघड बोलले तर पोलीस येतात. व्हायब्रेशनसाठी अजून कुणी पोलीस येत नाहीत.

आबांनी प्रतीक्षाला बाजूला घेतलं.

“पोरी, तुज्यावर माजा राग न्हाई. पन आता कशाला हात लावू नगंस. किल्ली निलेशकडं दे.”

“आबा, जुलैत याच हातांनी सोळा बसवले. तेव्हा कुठं गेलं होतं व्हायब्रेशन?”

आबांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. “त्ये मला इचारू नगं. इंग्लिश हाय त्ये. हे बग, सोमवारी गिऱ्हाईक कंपनीचे सायब तपासनीला येनार. बेचाळीस मशिनी चालू दिसल्या पायजेत. मालक मला इचारत्याल, ही पोरगी काय करत व्हती? मी काय सांगू? आन् उद्या तुज्या कागदावर सही करायची हाय मला.”

“म्हणजे करणार नाही?”

“आसं मी म्हनलो का?”

तसंच ते म्हणाले होते.

अकरा वाजता दुसरा मुहूर्त झाला. त्याआधी गुरुजी दहा मिनिटं ध्यानाला बसले, आणि तेवढा वेळ सर्व्हरच्या खोलीत निलेशने ‘उपकरणांची शांती’ केली. मग ताईत सहा नव्या संगणकांना बांधले गेले. गुरुजींनी बांधताना संगणकाच्या पाठीवर भगवी शाल धरली होती, कारण नाडीबंधन उघड्यावर करत नाहीत. प्रत्येकाची तार ताइतातून ओवून घेतली होती. पुन्हा सहा पडदे निळे झाले. पुन्हा टाळ्या. बारा झाले, तीस उरले. मग गुरुजी जेवले. श्रीखंड दोनदा घेतलं आणि आबांच्या केबिनमधल्या सोफ्यावर आडवे झाले. तिसरा मुहूर्त अडीचला होता. ग्रहांनीही तोवर पडायचं ठरवलं असावं.

प्रतीक्षा आपल्या टेबलाशी येऊन बसली. डबा उघडला नाही. बयाबाई लादी पुसत आल्या. कारखान्याची झाडलोट त्यांच्याकडे होती.

“जेव गं. उपाशी राहून काय त्यो घाबरनार हाय?”

“भूक नाही मावशी.”

“मग आयक. त्या थैल्या त्यो सारख्या मोजतो गं. लग्नातला आचारी झारे मोजतो ना, तसा. मगाशी एक टेबलाखाली पडली. मी उचलून द्याया गेले, तर हिसकावलीच माज्याकडनं. ऊन लागली हाताला.”

“ऊन? गरम होती?”

“व्हय. निखारा न्हाई, पन चहाच्या कपावानी. आन् देवाचं काय आसंल म्हनावं, तर एका अंगाला भोक आन् दुसऱ्या अंगाला शेपूट.”

प्रतीक्षाने मान वर केली. “भोक कसलं?”

बयाबाईंनी लादीपुसणं भिंतीला टेकवलं आणि भिंतीतल्या नेटवर्कच्या खाचेकडे बोट केलं. “हितं तुमी तार खुपसता न्हाई का? तेवढं. चौकोनी.”

प्रतीक्षाने त्या खाचेकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यात भलताच प्रश्न आला. सहाच का? ग्रह नऊ. राशी बारा. नक्षत्रं सत्तावीस. या आभाळात सहाचा हिशेब कुठेच बसत नव्हता. पण जवळ वस्तूच सहा असतील, तर मात्र नेमका बसत होता.

सर्व्हरच्या खोलीला निलेशने कुलूप लावलं होतं आणि किल्ली खिशात घातली होती. त्यामुळे आता सर्व्हरही बंदोबस्तात आहे, अशी आबांची आणि समस्त कॅन्टीनची खात्री होती. पण सर्व्हर म्हणजे कोठीतलं तांदळाचं पोतं नव्हे. तो बघायला खोलीत जावं लागत नाही. आपल्या टेबलावरूनही बघता येतो. निलेशला ते ठाऊक होतं. म्हणून त्याने सकाळीच प्रतीक्षाचे बदल करायचे हक्क काढून टाकले होते. वाचायचे हक्क ठेवले होते. नुसतं वाचून कुणाचं काय वाकडं होतंय, असा त्याचा हिशेब.

तिने वाचायला सुरुवात केली. सर्व्हर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो: कोण आलं, कधी आलं, काय मागितलं. मिनिटामिनिटाची. लांबलचक, रटाळ, आणि कुणाचीही भीड न ठेवणारी. अडीचला दहा मिनिटं कमी असताना तिने दोन कागद छापून घेतले आणि डबा उघडला. दोन घास खाल्लेही.

तिसऱ्या मुहूर्ताला सकाळपेक्षा दुप्पट गर्दी होती. दुसऱ्या शिफ्टची माणसं लवकर आली होती. औंढ्याहून येणाऱ्या बसने तर ड्रायव्हर-क्लीनरसकट उतारू आणले होते. गुरुजी ताजेतवाने दिसत होते.

“गुरुजी, एक शंका आहे,” प्रतीक्षा बेसिनजवळून म्हणाली.

“विचार बाळ. तिथूनच विचार.”

“या मुहूर्ताला सात यंत्रं घेता येतील का?”

निलेशने चटकन वर पाहिलं. गुरुजी हसले. “बाळ, शरीरात चक्रं किती? सहा. म्हणून यंत्रं सहा.”

“सात असत्यात वो,” सोपान म्हणाला. तो काही विरोधात नव्हता. त्याला खरंच माहीत होतं. “सकाळच्या योगाच्या वर्गाला आमाला सात शिकवली. टाळूवर एक आसतं.”

“ते मोक्षाचं,” गुरुजी म्हणाले. “संगणकाला मोक्ष मिळाला तर तो तुमचं काम कशाला करील?”

कॅन्टीन खदखदून हसलं. आबाही हसले. गुरुजींनी जाकीट ठीकठाक केलं. प्रतीक्षाला क्षणभर वाटलं, संपलं. एवढ्या एका विनोदावर आपली नोकरी गेली.

मग ती पंधरा फुटांची हद्द ओलांडून आत आली आणि थेट आबांसमोर उभी राहिली.

“आबा, तुमच्याकडं ट्रॅक्टर किती?”

“दोन. का गं?”

“चासी नंबर एकच आहे दोघांचा?”

“खुळी का काय? एक कसा आसंल? परत्येकाचा येगळा.”

“नेटवर्कच्या प्रत्येक भागाला पण असाच नंबर असतो. कारखान्यातून येतानाच त्यात कोरलेला. एकाचा दुसऱ्याला नसतो. आज सकाळपासून बारा संगणक लागले. सर्व्हरच्या वहीत त्यांचे नंबर किती दिसायला हवेत?”

“बारा.”

“मोजा.” तिने कागद पुढे केला.

आबांनी चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत मोजलं. पुन्हा वरून मोजलं. “सहाच येगळं हायती की. सकाळचं सहा, त्येच आकराला परत.”

“बारा ट्रॅक्टर पासिंगला आले आणि चासी नंबर सहाच निघाले, तर काय म्हणाल?”

“चोरीचं हायती म्हनीन.”

“मॅडम, हे टेक्निकल आहे,” निलेश मध्ये पडला. “लोकांना उगाच कन्फ्यूज करू नका. सर्व्हर कधी कधी जुनं दाखवतो.”

“दहा बावन्नला तू सहा नोंदी पुसल्यास,” प्रतीक्षा म्हणाली. “गुरुजी ध्यानाला बसले होते तेव्हा. आणि दोनला, ते झोपले होते तेव्हा, पुन्हा त्याच सहा. एकदा आलेला नंबर सर्व्हर ओळखून ठेवतो, त्याला नवा समजत नाही. म्हणून तुला त्या पुसाव्या लागल्या. पण पुसल्याचीही नोंद होते. हा दुसरा कागद. पुसणाऱ्याचं नाव छापून येतं.”

निलेशने कागदावरचं आपलं नाव बोट ठेवून वाचलं. हे बहुधा तो शिकला होता आणि विसरला होता.

आबांचा आवाज खाली आला. आबांचा आवाज खाली आला की माणसं मागे सरकत. “गुरुजी, एक थैली सोडा.”

“आबासाहेब, सोडायला हरकत नाही,” गुरुजी म्हणाले. “पण आत शोषलेला दोष आहे. जो सोडील त्याच्या घरावर उलटेल. नंतर मला बोल लावू नका. लेकराबाळांचं घर आहे तुमचं.”

आबांचा पुढे आलेला हात थांबला. दोन ट्रॅक्टर, एक ॲडमिन मॅनेजरपद आणि साठ वर्षांचा अनुभव असलेला तो हात हवेत तसाच राहिला. शिफ्ट-इंजिनिअरांनी आपापल्या बुटांची पाहणी सुरू केली. दीडशे माणसांत एक लाल दोरा सोडायला कुणी नव्हतं.

“माज्या घरावर उलटू द्या,” बयाबाई म्हणाल्या. “पत्रा तर आवंदाच्या वाऱ्यात उडालाच हाय. आता आनि काय उडनार?”

त्यांनी गाठ दातांनी सोडली. कापडातून टेबलावर पडली अंगठ्याएवढी काळी प्लॅस्टिकची डबी. एका टोकाला चौकोनी भोक, दुसऱ्या टोकाला बोटभर वायर आणि तिच्या अंगावर छापील चिकटी: नंबर, बारकोड आणि परदेशी कारखान्याचं नाव. मंत्र कुठे नव्हता.

प्रतीक्षाने ती उचलली. “याला लॅन ॲडॅप्टर म्हणतात. दुकानात मिळतो. संगणकाचा स्वतःचा तारेचा भाग त्या छोट्या विंडोजला ओळखता येत नव्हता. हा ॲडॅप्टर जुन्या बनावटीचा आहे, याला ते ओळखतं. म्हणून तार संगणकात न लावता यात लावायची, हा संगणकाला लावायचा आणि वर लाल कापड. विंडोज बसून झालं की हा काढला तरी चालतो, कारण मोठ्या विंडोजचा ड्रायव्हर मी पहिल्या दिवशीच घातलाय. काढून पुढच्याला लावायचा. यांच्याकडे सहाच आहेत. सातवा विकत घेतला असता तर चक्रंही सात झाली असती.”

“हे एक स्थूल माध्यम आहे,” गुरुजी म्हणाले. “ऊर्जेला वाहायला...”

“मग शालीशिवाय बघू.” तिने ॲडॅप्टर उघडा तेराव्या संगणकाला लावला, तार जोडली, कळ दाबली. मंत्र नाही, मुहूर्त नाही, हात तोच बाटका. पडदा निळा झाला. ज्या बायकांनी सकाळी पदर तोंडाला लावला होता त्यांनी तो आता पुन्हा लावला, पण आतून हसू ऐकू येत होतं.

“मग ही निलेशची हिरवी खून कसली?” आबांनी विचारलं.

“ड्रायव्हर यादीत आठ ऑक्टोबरला लिहिला. पण छोट्या विंडोजची जी तयार फाइल संगणकांना जाते, ती बनलीय नऊ जुलैला. यादीत नाव लिहिल्यावर ती फाइल नव्याने बनवावी लागते. ती बनवलीच नाही. चिक्कीच्या दुकानाबाहेर काजूचिक्कीची पाटी लावली आणि डब्यात जुनी शेंगदाण्याचीच ठेवली, असं झालं. मी पाटी बघून गप्प बसले, ती माझी चूक. तारीख मी आज दुपारी बघितली. पहिल्या दिवशीच बघायला हवी होती.”

“किती येळ लागतो त्याला?”

“दहा मिनिटं. एक बटण आहे.”

आबा निलेशकडे वळले. “दाब.”

निलेशने आपल्या लॅपटॉपवर ते दाबलं. दीडशे माणसांसमोर, घाम पुसत, दहा मिनिटं तो पडद्यावरची सरकती पट्टी बघत बसला. गुरुजी तेवढ्यात पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. पाणी तुंगार्लीला असावं, कारण गाडी तिकडेच वळली.

इथे ही कथा संपायला हरकत नव्हती. पण आपली माणसं अशी सहज संपू देत नाहीत.

“हाताला गुन हाय पोरीच्या!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. आणि सकाळी जे वारं गुरुजींकडे होतं ते फिरलं. सोपान आपला मोबाइल घेऊन पुढे आला. “ताई, चार्ज व्हईना झालाय. जरा हात लाव.” त्याच्यामागे दोघीजणी उभ्या राहिल्या. आबाही विरघळले.

“लाव पोरी, आता तूच लाव हात सगळ्या मशिनींना. माजंच चुकलं. लय शक्ती हाय तुज्या हातात. उद्या डोळं झाकून सही करतो.”

प्रतीक्षाने दोन्ही हात मागे बांधले.

“आबा, सकाळी हा हात वाईट होता म्हणून काढून टाकत होता. आता चांगला आहे म्हणून ठेवताय. दोन्ही सारखंच. मला अशी नोकरी नको.”

सही हातची घालवणारी माणसं कॅन्टीनने फार पाहिली नव्हती.

“मग कशी पायजे?” आबांनी खरंच न कळून विचारलं.

“आज मी उरलेल्या एकाही मशीनला हात लावणार नाही. तुम्ही लावा. तार जोडा, चालू करा, ही कळ दाबा. बस. लागलं, तर ते कुणाच्या हाताने लागलं ते सगळे बघतील. मग माझ्या कागदावर कामाचं लिहा. हाताचं नको.”

आबांनी बोट धोतराला पुसलं, चौदाव्या संगणकासमोर उभे राहिले आणि विंचू असल्यासारखी कळ दाबली. पंधरावा सोपानने केला. सोळावा, सतरावा ट्रिमिंगच्या बायकांनी ढकलाढकली करत. शिफ्ट-इंजिनिअरांनी एकेक केला आणि आपल्याला आधीच शंका होती असं एकमेकांना सांगितलं. शेवटचा बयाबाईंनी. छोटं विंडोज आलं, नेटवर्क सापडलं, पुढे गेलं. एकोणतीस पडदे एकापाठोपाठ निळे होत गेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कशासाठी वाजवायच्या? जे कुणालाही जमतं त्याला काय वाजवायच्या!

“आता सांगा,” प्रतीक्षा म्हणाली. “सकाळी गुरुजींनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दोष काढला होता.”

आबांनी घसा खाकरला. “पोरीच्या हातात कायबी दोस नव्हता. दोस त्या... काय म्हनतीस, त्या जुन्या फायलीत व्हता. आन्...” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते फायलीबद्दल नव्हतं. शनिवारी त्यांनी सही केली. कारणाच्या रकान्यात ‘काम समाधानकारक’ असं लिहिलं, जे या जिल्ह्यात बाईमाणसाच्या कामाला मिळणारं बरंच मोठं प्रशस्तिपत्र आहे. निलेशच्या एजन्सीचा करार महिनाअखेर संपला, तो संपलाच.

गुरुजी मात्र संपले नाहीत. पुढच्याच आठवड्यात एका मंगल कार्यालयाच्या कॅमेऱ्यांची साडेसाती बघायला त्यांना बोलावणं आलं, आणि ते गेले. त्यांची गाडी उद्या आपल्याही दारात उभी राहील. तेव्हा एवढं करा. यंत्र बिघडलं तर त्याच्या आत नोंद असते. ती दाखवा म्हणा. दाखवत नसतील तर का नाही, ते विचारा. आकडा सांगितला तर तोच का, हे विचारा. आणि कुणी यंत्राचा दोष माणसाच्या हातात, घरात, जन्मात शोधायला लागला तर समजून घ्या, त्याला यंत्र दुरुस्त करायचंच नाही. त्याला दुसरंच काही चालू ठेवायचंय.

हे विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. शिफ्ट-इंजिनिअर दोन होते तिथे. बयाबाईंची शाळा चौथीत सुटली आहे.